वाचकांचे प्रश्न : आजार, देवाचा क्रोध आणि त्याची दया

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकाच विषयाकडे आहे. देव रागावतो म्हणजे काय, त्या रागाचा आजारपणाशी काही संबंध असतो का, आणि प्रार्थना करूनही रुग्ण बरा होत नसेल तर त्याचा अर्थ काय समजायचा, हा तो विषय. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण ते लिहिणाऱ्या भगिनी आज प्रत्यक्ष रुग्णाची शुश्रूषा करीत आहेत आणि त्यांना तुटक उत्तर देऊन चालणार नाही.

प्रश्न : माझ्या पतींची मूत्रपिंडे निकामी झाली असून त्यांना नियमित डायलिसिस करावे लागते. आम्ही दोघेही श्रद्धावान आहोत आणि उपासना कधी चुकवत नाही. मध्यंतरी प्रार्थनेसाठी घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सांगितले, की या घरात कबूल न केलेले काही पाप असले पाहिजे, म्हणून देवाचा कोप झाला आहे आणि ते पाप शोधून काढल्याशिवाय आरोग्य मिळणार नाही. तेव्हापासून माझे पती रात्ररात्र जागून आपल्या जुन्या चुका आठवत बसतात. हा आजार खरोखरच देवाच्या रागामुळे आला असेल का?

उत्तर : भगिनी, आधी थेट उत्तर देतो आणि मग कारणे मांडतो. आपल्या पतींचा आजार देवाच्या कोपामुळे आला आहे, असे सांगण्याचा अधिकार त्या गृहस्थांना नव्हता आणि पवित्र शास्त्र तो कोणालाही इतक्या सहजपणे देत नाही.

नीतिमान असूनही संकटे सोसणाऱ्या ईयोबाची कथा आपण दोघांनी अनेकदा ऐकली असेल, परंतु तिचा शेवट सहसा घाईने वाचला जातो. ईयोबाला नखशिखांत गळवे झाली, तेव्हा एलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र त्याच्याजवळ आले. पहिले 7 दिवस ते त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहिले आणि त्याचे दुःख पाहून कोणी एक शब्दही बोलले नाही. माझ्या मते त्यांच्या हातून झालेली सर्वांत चांगली सेवा तीच होती. पुढे मात्र त्यांनी तोंड उघडले आणि अध्यायामागून अध्याय ते एकच गोष्ट नाना परींनी सांगत राहिले, की देव न्यायी आहे, त्याअर्थी तू काहीतरी केले असलेच पाहिजेस. 42व्या अध्यायात देव स्वतः बोलतो, तेव्हा आपला राग पेटला आहे असे तो सांगतो. तो राग आजारी ईयोबावर नाही. एलीफज आणि त्याच्या दोघा मित्रांवर आहे, कारण ते देवाविषयी यथार्थ बोलले नाहीत. इतकेच करून देव थांबत नाही. ईयोबाने तुमच्यासाठी प्रार्थना करावी म्हणजे मी तुमच्या मूर्खपणाप्रमाणे तुमचे करणार नाही, असे तो त्यांना बजावतो. ज्याला पापी ठरवायला ते निघाले होते, त्याच्याच मध्यस्थीची गरज त्यांना पडली. दुखणाईताच्या दारी त्याचे पाप शोधायला जाणाऱ्या प्रत्येकाने हा अध्याय आधी वाचावा, असे मला कळकळीने वाटते.

येशूपुढेही हाच प्रश्न आला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात एका जन्मांध मनुष्याकडे पाहून शिष्य विचारतात, की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना चिखल लावून कामाला लागतो. लूकच्या 13व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे दगावल्याचा उल्लेख आहे. यरुशलेमेतील इतर सर्वांपेक्षा ती माणसे अधिक दोषी होती असे तुम्हांला वाटते काय, असे विचारून येशू स्वतःच नाही म्हणतो. त्याच वेळी ऐकणाऱ्यांनी आपापला पश्चात्ताप करावा, असेही तो सांगतो. दुसऱ्याच्या आपत्तीवरून त्याच्या पापाचा हिशेब मांडू नये, आपल्यापुरते पाहावे, हा त्या उत्तराचा रोख आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ते गृहस्थ कदाचित तीच वचने आपल्यासमोर ठेवतील. मोशेविरुद्ध बोलल्यामुळे त्याची बहीण मिर्याम हिच्या अंगावर कोड उठले. 38 वर्षे दुखण्याने पडून असलेल्या माणसाला बरे केल्यावर यापुढे पाप करू नकोस, असे येशूने बजावले. करिंथ येथील मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, बरेच जण दुर्बल व रोगी असल्याचा संबंध प्रेषित पौलाने त्यांच्या प्रभुभोजनातील (येशूच्या स्मरणार्थ एकत्र घेतल्या जाणाऱ्या भोजनातील) वागण्याशी जोडला. या घटना शास्त्रात आहेत आणि त्या झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्या नीट वाचाव्यात. मिर्यामेच्या बाबतीत कारण सांगणारा देव स्वतः आहे, तर बेथेस्दाच्या तळ्यावरच्या त्या 38 वर्षे आजारी माणसाशी बोलणारा येशू आहे. पौल जे लिहितो ते एखाद्या रुग्णाच्या घरी जाऊन लिहीत नाही, सबंध मंडळीला लिहितो, आणि तिचा दोष असा, की सधन माणसे आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. शिवाय मिर्यामेची कथा कोडाशी संपत नाही. ज्याच्याविरुद्ध ती बोलली त्या मोशेनेच तिच्यासाठी प्रार्थना केली, तिला 7 दिवस छावणीबाहेर राहावे लागले आणि ती परत येईपर्यंत सबंध लोकांनी मुक्काम हलवला नाही. आजारी माणसाचे काय करायचे, याचा हा धडा त्या गृहस्थांनी सांगितला असता तर बरे झाले असते.

आपल्या पतींच्या जागरणाविषयी एक गोष्ट सांगायची आहे. त्यांना खरोखरच एखादी चूक आठवून बोचत असेल, तर त्यांनी ती देवाजवळ कबूल करावी आणि कोणाचे नुकसान झाले असल्यास शक्य तितके भरून द्यावे. योहानाच्या पहिल्या पत्रात क्षमेचे अभिवचन स्पष्ट आहे. मात्र ती क्षमा आजार उतरला की सिद्ध होते आणि तोपर्यंत अपुरी असते, असे समजू नये. मार्कच्या 2ऱ्या अध्यायात चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाला येशू प्रथम म्हणतो, की मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. त्यानंतर शास्त्री मनात कुरकुर करतात, येशू त्यांना उत्तर देतो आणि मग कुठे त्या माणसाला ऊठ म्हणतो. त्या मधल्या काळात तो मनुष्य पूर्ण क्षमा मिळालेला होता आणि तरीही बाजेवरच होता. आपले पती आज त्याच ठिकाणी असू शकतात. डायलिसिस चालू असताना माणूस देवाच्या मर्जीतून उतरलेला असतो, असे कोणीही म्हणू नये.

प्रश्न : जुन्या करारातला देव कोपिष्ट आणि नव्या करारातला देव प्रेमळ, असे माझे मित्र म्हणतात. देव जर प्रीती आहे, तर त्याला राग येतोच कसा?

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे नवे नाही. दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या शिक्षकाने हाच विचार टोकाला नेला. जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असे तो शिकवू लागला आणि इ. स. 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याच्याशी संबंध तोडले. ख्रिस्ती मंडळीने जुना करार आपल्या हातून सुटू दिला नाही याचे एक कारण असे, की दया तिथे प्रथमपासून आहे. सोन्याचे वासरू करून लोकांनी करार मोडल्यानंतर देव मोशेला आपली ओळख सांगतो, ती दयाळू, कृपाळू आणि मंदक्रोध अशी. पिढ्यांचे जे माप तेथे दिले आहे त्यात शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत आहे आणि दया हजारांवर आहे. होशेयाच्या 11व्या अध्यायात एफ्राइमाला (म्हणजे इस्राएल लोकांना) मी कसा सोडून देऊ, असे विचारत देव स्वतःच्या कोपाला आवर घालतो आणि त्याचे कारण देतो, की मी देव आहे, मनुष्य नव्हे. योना संदेष्ट्याची तक्रार तर देवाच्या कोपाविषयी नसून देवाने निनवे नगरावर दया केल्याविषयी आहे. त्या नगरातली 1,20,000 हून अधिक अजाण माणसे आणि पुष्कळशी गुरेढोरे यांची मला कींव येऊ नये काय, असे देव त्याला विचारतो आणि तेथेच ते पुस्तक संपते.

दुसरीकडे, नव्या करारात राग नाही, असेही म्हणता येत नाही. मार्कच्या 3ऱ्या अध्यायातील प्रसंग या संपूर्ण विषयाची किल्ली आहे, असे मी मानतो. शब्बाथाचा, म्हणजे काम वर्ज्य असलेला यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस आहे. सभास्थानात वाळलेल्या हाताचा एक मनुष्य बसला आहे आणि लूक सांगतो त्याप्रमाणे तो त्याचा उजवा हात आहे, म्हणजे कामाचा. काही जण येशूवर टपून आहेत. तो याला आज बरे करतो की काय, हे त्यांना पाहायचे आहे, म्हणजे त्याच्यावर आरोप ठेवता येईल. त्यांच्या दृष्टीने तो रुग्ण हे निव्वळ एक निमित्त आहे. येशू त्याला मध्यभागी उभे करतो आणि सर्वांना विचारतो, की शब्बाथ दिवशी चांगले करणे योग्य की वाईट करणे, जीव वाचवणे की जीव घेणे? कोणीही बोलत नाही. तेव्हा त्यांच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे खिन्न होऊन तो त्यांच्या सभोवार रागाने पाहतो, आणि त्याच वचनात पुढे त्या मनुष्याला म्हणतो, की हात लांब कर. तो हात लांब करतो आणि बरा होतो. पुढच्याच वचनात परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) बाहेर पडून हेरोद्यांबरोबर (हेरोदाच्या पक्षाच्या लोकांबरोबर) येशूचा घात कसा करावा याची मसलत करू लागतात.

या एका प्रसंगात राग, खेद आणि आरोग्य ही तिन्ही एकत्र आलेली आहेत. येशूचा राग त्या रुग्णावर नाही. एका माणसाचा वाळलेला हात डोळ्यांसमोर असताना ज्यांना त्याचे काहीच वाटत नाही, त्यांच्या गप्प बसण्यावर तो आहे. रागाच्या जोडीला खेद आहे, म्हणजे ज्यांच्यावर तो रागावला त्यांनाही त्याने मनातून टाकलेले नाही. आणि रागावून त्याने केले काय, तर एका माणसाला बरे केले आणि त्याची किंमत स्वतःच्या जिवावर घेतली. देवाच्या क्रोधाविषयी शास्त्रात कुठेही वाचताना मी हा प्रसंग शेजारी ठेवतो. आमोस संदेष्टा जेव्हा पायतणाच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांविरुद्ध देवाचा कोप जाहीर करतो, तेव्हा त्यामागे हेच मन दिसते. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टान्शियस या लॅटिन लेखकाने असे प्रतिपादन केले, की जो कशावरही रागावत नाही त्याला कशाविषयी माया आहे असेही म्हणता येणार नाही. ऑगस्टीन या धर्मशास्त्रज्ञाने त्याला एक आवश्यक मर्यादा घातली. देवाचा राग म्हणजे माणसासारखी मनाची खळबळ नव्हे, पापाला शासन करणारा तो त्याचा न्याय आहे. मला दोघांचेही म्हणणे जपावेसे वाटते. लॅक्टान्शियसला सोडले तर अन्याय पाहून देवाला काहीच वाटत नाही असे होईल, आणि ऑगस्टीनला सोडले तर आपण आपलाच तापटपणा देवावर लादू.

रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात देवाच्या क्रोधाचे जे वर्णन आहे, तेही या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. देवाने त्यांना त्यांच्या वासनांच्या स्वाधीन केले, असे पौल तीनदा म्हणतो. माणूस जे हट्टाने मागतो ते त्याला मिळू देणे, हेही क्रोधाचे एक रूप आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत भयंकर रूप आहे.

प्रश्न : वधस्तंभावर पित्याने आपला सगळा राग पुत्रावर काढला, असे एका उपदेशात ऐकले. ते मनाला पटले नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : ज्या शब्दांत आपण ते ऐकले, त्या शब्दांत ते बरोबर नाही. येशूने आपल्या पापांचा भार वाहिला, आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला आणि त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य मिळाले, हे यशयाच्या 53व्या अध्यायातील वचन ख्रिस्ती विश्वासाच्या गाभ्याशी आहे आणि ते सोडता येणार नाही. पापाला शिक्षा आहे आणि ती ख्रिस्ताने आपल्या वतीने सोसली, असे सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी ठामपणे मांडले. त्यापूर्वी, 1098 मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात अन्सेल्म या धर्मशास्त्रज्ञाने शिक्षेऐवजी देवाच्या सन्मानाचे देणे फेडण्याची भाषा वापरली होती, तर पूर्वेकडील मंडळ्यांनी वैद्याने रोग्याला आणि जीवनाने मरणाला गाठण्याची भाषा अधिक जपली. या मांडण्यांमध्ये मतभेद आहेत आणि ते खरे आहेत.

परंतु या सर्वांना मान्य असलेली गोष्ट अशी, की पुत्राच्या मरणामुळे पित्याचे मन वळले आणि मग तो प्रीती करू लागला, असा क्रम शास्त्रात कोठेही नाही. देवाने जगावर प्रीती केली म्हणून पुत्र दिला, असे योहान लिहितो. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला आणि यातूनच देव आपली प्रीती दाखवतो, असे पौल रोमकरांस लिहितो. ख्रिस्तामध्ये देव स्वतःच जगाचा स्वतःशी समेट करीत होता, असे तो करिंथकरांस सांगतो. पिता बाहेर उभा राहून मारतो आणि पुत्र मध्ये पडून वाचवतो, असे चित्र रंगवले की त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव असल्याचा, विश्वासच दुभंगतो. वर सांगितलेल्या सभास्थानातील प्रसंगात ज्याला राग आला त्यानेच किंमत मोजली. वधस्तंभाचा अर्थ मी त्याच दिशेने समजतो.

प्रश्न : पूर्ण विश्वास असेल तर औषधांची गरज नाही, असे सांगून आमच्या ओळखीच्या एका प्रार्थनागटात मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन बंद करायला लावले. माझ्या आईलाही मधुमेह आहे आणि तीही आता तसे करू पाहते. विश्वास आणि उपचार यांचा मेळ कसा घालावा? आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना करूनही गुण येत नाही, त्यांचा विश्वास कमी पडतो का?

उत्तर : आईंना इन्सुलिन बंद करू देऊ नका. ज्यांचे शरीर सर्वस्वी इन्सुलिनवर अवलंबून आहे, अशा रुग्णाने ते अचानक बंद केल्यास थोड्याच दिवसांत जिवावर बेतू शकते. उपचारात कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा. हा विश्वासाचा अभाव आहे, असे म्हणणाऱ्याला शास्त्र साथ देत नाही.

हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला तेव्हा त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने त्याचे आयुष्य 15 वर्षांनी वाढवले. हे वचन ज्याने आणले त्याच यशया संदेष्ट्याने अंजिरांची चांदकी गळवावर बांधायला सांगितली आणि राजा बरा झाला. प्रार्थना ऐकणारा देव आणि अंजिरांचा लेप, यांत कोणालाही विरोध दिसला नाही. पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक हा प्रिय वैद्य होता. तीमथ्याला वरचेवर होणाऱ्या दुखण्यासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घेण्याचा व्यावहारिक सल्ला दिला. तुझा विश्वास वाढव, असे त्याने लिहिले नाही. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या शास्त्रात असलेल्या सिराखाच्या ग्रंथात वैद्याचा मान राखावा आणि औषधे परमेश्वरानेच भूमीतून उपजवली आहेत, असे सांगितले आहे. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बसील याने आपल्या नगराबाहेर रुग्ण आणि निराधारांसाठी मोठी संस्था उभारली, जिथे वैद्यही होते. रुग्णालय या कल्पनेच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे.

याकोबाच्या पत्रातील 5व्या अध्यायाचा आधार घेऊन असे गट बोलतात, म्हणून तोही पाहू. कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे तेथे आहे. औषध टाका, असा शब्दही तेथे नाही. विश्वासाच्या ज्या प्रार्थनेचा उल्लेख आहे, ती प्रार्थना करायला आलेले वडील करतात. तेव्हा विश्वास कमी पडल्याचा ठपका अंथरुणावरच्या माणसावर ठेवणे त्या वचनाला धरून नाही. कॅथलिक मंडळीत हा संस्कार बराच काळ मरणाच्या दारातील माणसापुरता राहिला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये त्याला रुग्णांचा अभ्यंग म्हणणे अधिक उचित ठरवले आणि आजार गंभीर होऊ लागला की तो देण्याची योग्य वेळ आलीच आहे, असे स्पष्ट केले.

आता न बरे होणाऱ्यांविषयी. पौलाने आपल्या शरीरातील काटा (एका चिवट व्यथेला तो असे म्हणतो) दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. उत्तर मिळाले ते असे, की माझी कृपा तुला पुरे आहे. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवले. एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला आणि पौलाने त्याला देवाची दया म्हटले. एकाच प्रेषिताच्या सोबत्यांत एक बरा झाला, दुसरा आजारी राहिला आणि स्वतः प्रेषिताला नकार मिळाला. यांपैकी कोणाच्या विश्वासावर नव्या करारात बोट ठेवलेले नाही. देव आजही बरे करतो असे मी मानतो आणि तसे धीटपणे मागावे असेही मानतो. पण येशूने मरणातून उठवलेल्या लाजारालासुद्धा पुढे पुन्हा मरावे लागले असणार, आणि पौल रोमकरांस लिहितो त्याप्रमाणे आपण सारेच शरीराच्या मुक्तीची वाट पाहत आहोत. आज मिळणारे आरोग्य ही पुनरुत्थानाची केवळ आगाऊ खूण आहे, आणि ती कोणाला कधी मिळावी याचा निर्णय आपल्या हाती नाही.

प्रश्न : रुग्णाजवळ बसून शास्त्राचा कोणता भाग वाचावा?

उत्तर : प्रथम रुग्णालाच विचारावे. काहीच सुचत नसेल तर 103वे स्तोत्र घ्यावे, कारण त्यात क्षमा आणि आरोग्य एकाच ओळीत आहेत, देव सर्वकाळ राग धरीत नाही असे म्हटले आहे आणि आपण माती आहोत हे तो आठवतो, असेही आहे. ते एकदम सबंध न वाचता थोडे थोडे वाचावे. माणूस देवावरच रागावलेला असेल तर त्याला समजवायला जाऊ नये. त्याच्यासाठी 13वे आणि 88वे स्तोत्र आहे. 88वे स्तोत्र अंधारातच संपते आणि त्यावर आपल्या पदरचा आशावाद जोडण्याची गरज नाही. 38व्या स्तोत्रात आजार आणि स्वतःचे पाप यांची सांगड घातली आहे, म्हणून ते रुग्णाने स्वतः मागितल्याशिवाय त्याच्यासमोर वाचू नये. वाचून झाल्यावर त्यावर प्रवचन करू नये, आणि औषधाची वेळ झाली असेल तर आधी औषध द्यावे.